पायपेटी आणि करवंट्या

पायपेटी शाळेच्या जिन्यात वळणावर अडकली आणि सुहासिनीची खात्री पटली, की तिचे वडील, भाऊ, जाऊन वर्ष झालं असलं तरी त्यांचा हट्ट अजून इथेच आहे.

दोन हमाल वर, दोन खाली, आणि मध्ये ते सागवानी धूड. पहाडगंजात हॉटेलांचे फ्रीज अन् पलंग दिवसभर माड्यांवर चढवणारी ती माणसं. पण या ऑर्गनपुढे त्यांनी हात टेकले होते.

"बहनजी, इसमें भरा क्या है?" एकानं गमछ्यानं मान पुसत विचारलं.

"हवा," सुहासिनी म्हणाली.

शिकल्यासवरल्या बायकांनी तरी थट्टेला वेळकाळ बघावा, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. पण ती खरं तेच सांगत होती. पायांनी पेडल मारायचं, भात्यात हवा भरायची, आणि पट्टी दाबली की तीच हवा गात बाहेर यायची. या हवेवर भाऊंचं अख्खं आयुष्य गेलं होतं. दिवसा सरकारी हापिसात दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासायची आणि संध्याकाळी दिल्लीतल्या झाडून सगळ्या हौशी मराठी नाटकांना चाली लावायच्या.

"तिरकी घ्या म्हणते ना!" खालच्या व्हरांड्यातून आईचा आवाज आला. चंद्रप्रभाबाई शहात्तर वर्षांच्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "आमच्या घरात आली तीसुद्धा तिरकीच आली होती."

"आई, मी इंजिनिअर आहे," सूर्यकांत मोजपट्टी हातात धरून वरून ओरडला.

"म्हणूनच सांगतेय."

पेटी तिरकी घेतली. सुटली. हमालांनी ती हॉलमध्ये रंगमंचासमोर टेकवली, पैसे घेतले आणि जाताना हात जोडून सांगितलं, "उतारते टाइम हमको मत बुलाना, साहब."

हे सगळं सुरू झालं ते घरमालकामुळे. पहाडगंजातल्या उरल्यासुरल्या घरांप्रमाणे त्यालाही आपल्या घराचं हॉटेल करायचं होतं. भाऊ-आईंच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या, आईनं गाझियाबादला सूर्यकांतकडे राहायला जायचं, इथवर सगळं गोडीगुलाबीनं ठरलं. मग प्रश्न आला वस्तूंचा. भाऊंनी पैसाअडका काही मागे ठेवला नव्हता. ठेवला होता तो पसारा: ऑर्गन, तंबोरा, मफलर, थर्मास, आणि नाटकांतून घरी आलेल्या असंख्य आवाजांच्या वस्तू. ढगांच्या गडगडाटाचा पत्रा. पावसासाठी खडे भरलेला डबा. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या.

एका रविवारी सूर्यकांत आणि सुहासिनी वाटणीला बसले आणि चहा यायच्या आत त्यांचं वाजलं. सूर्यकांत म्हणाला, आम्हाला काही नको. सुहासिनी म्हणाली, म्हणजे आम्हाला हवंय असं सुचवतोस का? त्यावर तिची वहिनी सरला शांतपणे म्हणाली, "हे बघा वन्सं, आमच्या तीन खोल्यांत पायपेटी ठेवायची कुठे? गॅलरीत?" सरला एरवी तिला नुसतं 'सुहास' म्हणे. 'वन्सं' आलं, म्हणजे तलवार म्यानाबाहेर आली. मग सुहासिनीनंही ऐकवलं, की आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात तर पेटीसाठी तसूभर जागा नाही. ठेवलीच तर नवऱ्याला, विश्वासना, बाहेर झोपावं लागेल.

आईनं कपबशी खाली ठेवली आणि निकाल दिला. "कुणालाच नकोय ना? मग लिलाव करा. गणपतीत करतो तसा. पैसे नाटकवाल्यांना, नव्या पडद्यासाठी. त्यांचा पडदा गेली कित्येक वर्षं अर्ध्यात अडकतोय. ह्यांच्या चांगल्या चाली तेवढ्यानं मातीत गेल्या."

गणपतीत करतो तसा, याला दिल्लीच्या त्यांच्या मंडळात एक ठरीव अर्थ होता. विसर्जनाआधी देवापुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा. माणसं हौसेनं बोली चढवत न्यायची; पण जिंकलेला नारळ घरी न्यायचा नाही, तिथेच फोडायचा आणि जमलेल्या सगळ्यांना खोबरं वाटायचं. जो जिंकला त्यानं आधी वाटायचं, हा नियम. आईनं तो या लिलावालाही लावला. जी वस्तू जो घेईल, त्यानं ती सगळ्यांसमोर वापरून दाखवायची, मगच न्यायची.

"आणि थर्मास घेतला तर?" सूर्यकांतनं विचारलं.

"चहा पाजायचा. सगळ्यांना."

लिलावाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला. करोल बागेतून, जनकपुरीतून, नोएडातून माणसं आली. भाऊंच्या चालींवर ज्यांनी तरुणपणी राजपुत्रांची कामं केली होती ते आता मांडीच्या सांध्यांची ऑपरेशनं एकमेकांना सांगत होते. पेटीभोवती मात्र एक अनोळखी गृहस्थ फिरत होता. कोट, गॉगल, हातात दोन फोन. गुडगावात जुन्या जमान्याच्या थाटाचं रेस्टॉरंट काढतोय, असं कळलं. त्यानं पेटीच्या माथ्यावर वीतभर अंतरानं हात ठेवत ठेवत मोजलं आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "हाँ यार, बारह बॉटल तो आराम से आ जाएँगी."

सुहासिनीनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं.

"ऐकलंत? बाटल्या ठेवणार भाऊंच्या पेटीवर!"

"ठरल्याप्रमाणे मी बोली लावणार आहे ना," विश्वास म्हणाले. ते ऑडिट खात्यात होते आणि खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. ते आत्ताच व्हायला लागले होते. "पण मला अजूनही वाटतं, सूर्यकांतला सांगून टाकावं."

"बिल्कुल नाही. सांगितलं तर वहिनी आधीच नाही म्हणेल. आपण घ्यायची, टेम्पोत घालायची आणि गाझियाबादला आईच्या खोलीत नेऊन ठेवायची. चार लोकांसमोर मिळालेली भेट ती परत थोडीच करणार? तुम्हीच विचार करा. आई तिथे तिसऱ्या मजल्यावर दिवसभर बसणार. खाली बाजार नाही, ओळखीचं दार नाही, साधी मेट्रोसुद्धा नाही. निदान पेटी तरी हवी ना समोर?"

विश्वासनी कानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण ज्यानं घेतली त्यानं वाजवायची असते. मला वाजवता येत नाही."

"ते मी बघते."

लिलाव पुकारायला दिनकरराव उभे राहिले. मंडळाचा नारळ दर वर्षी तेच पुकारायचे. भाऊंच्या साथीला आयुष्यभर तबला वाजवल्यामुळे त्यांना कुठलंही वाक्य समेवर आणून सोडायची सवय होती.

मफलर गेला, ज्यानं घेतला त्याला तो एप्रिलच्या उकाड्यात गुंडाळून बसावं लागलं. थर्मास सूर्यकांतनंच घेतला, हौसेनं, आणि नियमाप्रमाणे पाजायला चहा कुठून आणू म्हणून खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर पळाला. गडगडाटाच्या पत्र्यावर सुहासिनीच्या लेकीनं, लतिकानं, बोली लावली. दिल्लीत जन्मलेल्या त्या पोरीनं आजोबांचं एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं, कारण मध्येच मराठी संपायचं तिचं. पण पत्रा तिनं असा काही हलवला की पहिल्या रांगेतल्या दोन राजपुत्रांनी दचकून आपापल्या बायकांचे हात धरले. हॉल हसून हसून लोटपोट झाला.

मग दिनकररावांनी करवंट्या वर धरल्या. दोनच. वापरून वापरून काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या.

"टापा!" ते म्हणाले. "दिल्लीतल्या मराठी रंगभूमीवरचा एकमेव घोडा. दाणा लागत नाही, पाणी लागत नाही. बोला!"

लोक हसले, पण बोललं कुणी नाही. गुडगावच्या हॉटेलवाल्यानं घड्याळ पाहिलं. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"माझी बोली."

आई होती. पर्समधून तिनं नोटा काढूनही धरल्या होत्या.

"वहिनी," दिनकरराव गोंधळले, "तुमचीच वस्तू तुम्हीच घेणार?"

"माझी कुठे? त्यांची होती. मी नुसती वाजवत होते."

हॉलमधलं हसू थोडं खाली बसलं. सुहासिनीला एकदम विंगेतला तो अंधार आठवला. डोक्याला तेल लावलेली, पदर खोचलेली आई, मांडीवर पेंगणारी आपण, आणि फळीवर टक्-टक्, टक्-टक् करत कुठून तरी दूरवरून येणारा घोडा. राजपुत्र टाळ्या घ्यायचा. संगीताबद्दल भाऊंचं नाव पुकारलं जायचं. घोडा कुणी आणला हे कधी कुणी विचारलं नाही.

"एक वार, दोन वार, तीन वार!" दिनकररावांनी घाईघाईनं आवरतं घेतलं. "नियम आहे वहिनी. वाजवा."

"एकटा घोडा काय पळेल? पेटी विकली जाऊ दे. तिच्या साथीला बघू," असं म्हणून आईनं करवंट्या मांडीवर ठेवल्या आणि त्यांवर पदर ओढून घेतला.

आता फक्त पायपेटी उरली होती.

हॉटेलवाल्यानं पहिल्याच फटक्यात अशी बोली लावली, की नाटकवाल्यांचे डोळे पडद्याच्या स्वप्नानं चमकले. विश्वास उठले. कान लाल. त्यांनी आकडा वाढवला. हॉटेलवाला चढला. विश्वास आणखी चढले. सुहासिनी देवाचं नाव घेत रुमाल पिळत होती. आणि त्याच वेळी उजवीकडून, खणखणीत, गाझियाबादच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला शोभेल अशा आवाजात तिसरी बोली आली.

सरला!

सुहासिनीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. 'ठेवायची कुठे? गॅलरीत?' म्हणणारी हीच ना? मग तिच्या सगळं लक्षात आलं. भाऊंचा जुना रेडिओ सरलानं नेला होता तो असाच, आणि आज त्याच्यावर मनीप्लँट होता. आता पेटीवर फर्न ठेवणार, क्रोशाचा रुमाल घालणार, आणि किटीतल्या बायकांना सांगणार, आमच्या सासऱ्यांचं हं!

"वाढवा," ती नवऱ्याला कुजबुजली.

"अगं, पण ती तर घरातलीच—"

"वाढवा म्हणते ना!"

विश्वासनी वाढवली. सरलानं मान वळवून नणंदेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं: क्वार्टरात तसूभर जागा नाही म्हणणारी हीच ना? सरलानं वाढवली. हॉटेलवाल्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, दोन्ही फोन खिशात टाकले आणि "पागल लोग हैं यार" म्हणत निघून गेला. पण बोली थांबायचं नाव घेईना. दिनकररावांचा हात पुकारता पुकारता हवेतच दादऱ्याच्या ठेक्यावर हलायला लागला. मध्येच दारातून थर्मास घेऊन सूर्यकांत आला आणि बायको व मेहुणा एकमेकांवर तुटून पडलेत हे पाहून चहा ओतायचंच विसरला.

"वहिनी, पुरे!" शेवटी सुहासिनी उभी राहिली. "तुला ती नुसती दिवाणखान्यात मिरवायचीय! आम्ही ती आईसाठी घेतोय. तुझ्याच घरी पाठवणार होतो, आईच्या खोलीत!"

"अच्छा!" सरलाही उभी राहिली. "आणि मी कुणासाठी घेतेय, वन्सं? शेजारणीसाठी? आईंच्या खोलीतला पलंग सरकवून मी खडूनं जागा आखून ठेवलीय! ह्यांनी मापं काढलीयत! तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून त्या दिवशी गॅलरीचं बोलले. सांगा ना हो!"

सूर्यकांतनं थर्मास छातीशी धरून मान डोलावली. "सरप्राइज होतं," तो क्षीण आवाजात म्हणाला. "चार फूट दोन इंच."

हॉल असा काही फुटला की लतिकाच्या हातातला पत्रासुद्धा आपोआप गडगडला. विश्वासचे कान पूर्ववत झाले. सुहासिनी मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं, लाजही वाटत होती, आणि या बाईला आपण तीस वर्षं ओळखतो म्हणजे नेमकं काय ओळखतो, असंही वाटत होतं.

"झालं तुमचं?" आईनं विचारलं.

सूर्यकांतनं थर्मास खाली ठेवला.

"दोघांनी जिवाचं रान केलंत, चांगलं झालं. पडदा येईल. पण मला विचारलंत का कुणी?" तिनं वळून दोन्ही मुलांकडे पाहिलं. "मला नकोय ती पेटी."

"आई!"

"नकोय. लग्न होऊन आले तेव्हापासून ती माझ्या घरात सवतीसारखी नांदलीय. तिच्यापायी त्या भिंतीला मला कधी कपाट लावता आलं नाही. पण वाजायची, तेव्हा मला आवडायची. खोटं कशाला बोलू? आता ती नुसती असते. मी रोज तिला पुसायचं, तिच्याकडे बघत बसायचं, आणि तुम्ही रविवारी येऊन म्हणणार, आईची कशी छान सोय केली. मला नाही करायचं ते. मी गाझियाबादला जाणार, सोसायटीच्या बायकांना पत्ते शिकवणार. सरलाला सांगून ठेवलंय मी."

सरलानं हळूच मान हलवली. सुहासिनी आईकडे बघत राहिली. पेटी समोर नसली तर आई कोलमडेल, हे तिनं गेले कित्येक आठवडे मनाशी धरून ठेवलं होतं. आणि ही समोर बसलेली बाई तर मांडीवरच्या करवंट्या झाकून, दुपारच्या नाटकाला आल्यासारखी ताजीतवानी दिसत होती. कोलमडणारं कुणी असलंच तर ते आपण, हे तिला त्या घडीला कळलं आणि आश्चर्य म्हणजे त्यानं बरंच हलकं वाटलं.

"मग ही न्यायची कुणी?" दिनकररावांनी विचारलं.

"हमाल येणार नाहीत," सूर्यकांत म्हणाला. "हात जोडून गेलेत."

"मग राहू दे इथेच," आई म्हणाली. "शाळेची पोरं बडवतील. वाजत राहील. पण नियम तो नियम. शेवटची बोली कुणाची?"

सरलाची होती. पण सरलाला पट्टीला हात लावायचीही भीती वाटे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सूर्यकांत पेटीसमोर जाऊन बसला, झाकण उघडलं, आणि पाय पेडलवर ठेवताच ओशाळला. "गुडघा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी पेडल मारायला मनाई... म्हणजे सायकलचं. पण पेडल ते पेडलच."

सुहासिनीला काय झालं कोण जाणे. ती उठली, पदर खोचला आणि चोपन्नाव्या वर्षी, सगळ्या मंडळासमोर, पेटीखाली जमिनीवर फतकल मारून बसली. लहानपणी सूर्याचे पाय पोचत नसत, तेव्हा भाऊ असंच करायला लावत. तो वर बोटं फिरवायचा, ती खाली दोन्ही हातांनी पेडल दाबायची. "भाता सोडू नकोस गं," भाऊ म्हणायचे, "तू थांबलीस की राजपुत्र गुदमरेल."

"सुहास, लागेल गं," वरून सूर्यकांत म्हणाला.

"तू वाजव. भात्याचं मी बघते."

तिनं दाबलं. पेटी आधी म्हाताऱ्यासारखी खोकली, मग आतून कुठून तरी तो खोल, लाकडी, घरभर पसरणारा सूर आला. सूर्यकांत दोनदा चुकला. कधी काळी चहा सांडल्यापासून अडकणारी एक पट्टी होती, ती त्याच्या बोटाला आठवत होती. त्यानं ती वरच्या वर उचलली आणि चाल धरली. भाऊंची, राजपुत्र गड सोडतो त्या प्रवेशातली. पहिल्या रांगेतले राजपुत्र गायला लागले, कुणाला मुखडा आठवला, कुणाला अंतरा. दिनकरराव खुर्चीवर ठेका धरून बसले. सरलानं थर्मासमधून चहा ओतायला घेतला.

आणि मग रंगमंचावरून, टक्-टक्, टक्-टक्.

पेटीखालून सुहासिनीला फक्त पाय दिसले. आईचे पाय, चपला काढलेले, विंगेत नाही, मधोमध उभे. तिच्यासाठी रंगमंचावर एक टेबल सरकवलं गेलं होतं. घोडा आधी चालीनं आला, मग दुडक्या चालीनं, आणि अंतऱ्यावर असा काही चौखूर उधळला की गाणारे मागे पडले. कुणी तरी शिट्टी मारली. आईनं न थांबता सांगितलं, "शिट्ट्या नंतर. घोडा बिथरतो."

शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सुहासिनीचे हात भरून आले होते. तिनं भाता सोडला नाही.

संध्याकाळी जेवायला सगळ्यांनी आर. के. पुरमलाच यायचं ठरलं. सरलानं जाता जाता विचारलं, "सुहास, पोळ्या मी करू की तू?" आणि गाडीत जागा नव्हती म्हणून आई-लेकी रिक्षानं निघाल्या. स्टेशनाच्या तोंडाशी सगळं अडलं होतं. हातगाड्या, टॅक्सी, बॅगा ओढणारे फिरंगी, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम.

आईनं पर्स उघडली. करवंट्या काढल्या. रिक्षाच्या दांड्यावर हलकेच, टक्-टक्, टक्-टक्.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "माताजी, पीछे घोड़ा बिठाया है क्या?"

"हाँ," आई म्हणाली, "मेरा है. आज ही लिया."

त्यानं हसून हॉर्नवरचा हात काढला. टापांचा वेग वाढला आणि खरोखरच पुढची गर्दी हलली. कुठे तरी सिग्नल सुटला असेल. पण हे आईला सांगायच्या भानगडीत सुहासिनी पडली नाही.